चाकाचें गाऱ्हाणें

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपण सारेच वापरतों. एखाद्या मोठ्या माणसाच्या संगतीनें किरकोळ माणसाचें काम आयतें साधलें, कीं ती ओठांवर येते. परंतु हा नळा म्हणजे काय, असें शहरांतील सुशिक्षित घरांत विचारून पाहावें. बहुतेक जण गप्प राहतील. बैलगाडीच्या साट्याखालीं बांबूचें एक कांडें टांगलेलें असे. त्यांत दाट तेल आणि तेलांत भिजलेला चिंध्यांचा बोळा. तोच हा नळा. पौषाच्या थंडींत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठीं गाडी त्र्यंबकेश्वरास निघाली, कीं नळाहि तिच्या पोटाखालीं लोंबकळत त्र्यंबकापर्यंत जाई आणि न मागतां पुण्य पदरांत पाडून परत येई. म्हणीनें त्याला फुकट्या ठरविलें आहे. खरें पाहतां त्या यात्रेंत त्याच्याइतकें कामाचें दुसरें कोणी नसे! वाटेंत चाक ओरडूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरे, आंसाच्या टोंकाची खीळ काढी, चाक अंमळ बाहेर ओढी आणि नळ्यांतलें वंगण आंसाला चोपडी. मग तें गाऱ्हाणें पुढच्या चार कोसांपुरतें थांबे.

श्रोतेहो, चाकाचें दुखणें त्याच्या आवाजावरून ओळखणें ही विद्या फार जुनी असली पाहिजे. याचें कारण उघड आहे. चाकाचा जो भाग झिजतो, तो कधींच दिसत नाहीं. तुंबा आंसावर फिरतो. त्या दोहोंमधलें तेल आटतें, धूळ शिरते, धातु खरवडला जातो. पण हें सारें झांकलेल्या जागीं घडतें. बाहेर येतो तो केवळ आवाज. पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत लेनेक या वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि त्यांतून स्टेथॉस्कोपचा जन्म झाला, ही हकीगत वैद्यकाच्या इतिहासांत मोठ्या मानानें सांगितलेली असते. आमचा गाडीवान चाकाकडे कान देत आला, त्याची दखल मात्र एका म्हणीपलीकडे कोठें घेतली गेली नाहीं. आणि त्या म्हणीनेंहि नळ्याची चेष्टाच केली.

हा विषय मनांत आला तो अंबडमुळें. जालना जिल्ह्यांतलें अंबड तें निराळें. हें नाशिकच्या अंगाला, मुंबई-आग्रा रस्त्याजवळचें. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. त्यानें नाशिकजवळ आधीं सातपूरची आणि तिच्या मागून अंबडची औद्योगिक वसाहत उभारली. महिंद्रांचा मोटारींचा कारखाना सातपुरास आहे. २००२ सालीं बाजारांत आलेली स्कॉर्पिओ नाशिकचीच. अशा मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग घडविणारीं लहान-मोठीं यंत्रालयें अंबडमध्यें दाटीवाटीनें उभीं आहेत आणि त्यांच्या आसपास मोटारदुरुस्तीचीं दुकानें आहेत. ज्या रस्त्यानें एके काळीं बैलगाड्या करकरत थळ घांटाकडे जात, त्याच रस्त्याच्या कडेला आज चाकांच्या तक्रारी ऐकण्याचा व्यवसाय चालतो. या दोन गोष्टींमधला धागा शोधावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

दख्खनमध्यें गाडी सर्रास झाली ती आपण समजतों तितकी जुनी गोष्ट नाहीं. दूरचा माल पूर्वीं वंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरून जाई. इंग्रजी अमलाच्या आरंभीं होत्या त्या गाड्या अवजड आणि ओबडधोबड. १८३० ते १८४० या दशकांत इंदापूर-सोलापूरच्या बाजूस जमिनीची पाहणी चालली असतां लेफ्टनंट गेस्फर्ड या अधिकाऱ्यानें टेंभुर्णीस सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना चालविला. पुढें रस्ते बांधले गेले, आरे घातलेल्या हलक्या चाकांची गाडी गांवोगांव पोहोंचली आणि तिच्याबरोबर तिचे आवाजहि पोहोंचले. ते नीट निरखण्यासारखे होते. नुसती करकर असली तर तेल आटलें आहे. खडखड असली तर तुंब्यांतलें लोखंडी कडें झिजून चाक डुलूं लागलें आहे. आणि एकेका फेऱ्याला एकदां टक्‌ असा आवाज आला तर एखादा आरा ढिला झाला आहे. वैशाखांत लांकूड सुकून आकसतें आणि त्यावर चढविलेली लोखंडी धाव सैल होते. अशा वेळीं चाक नदीच्या पाण्यांत भिजत टाकलें कीं लांकूड फुगून धाव पुन्हां घट्ट बसते. हा इलाज तात्पुरता. खरा इलाज लोहाराकडे. तो धाव तापवून लाल करी, चाकावर चढवी आणि पाण्यानें विझवी. एवढें निदान करायला गाडीवानाला गाडी थांबवावी लागत नसे. आवाज कोणता आणि तो किती अंतरानें येतो, हें ऐकलें कीं झालें. हे दोन प्रश्न ध्यानांत ठेवावेत. मोटारीच्या वेळीं ते पुन्हां उपयोगीं पडणार आहेत.

आगगाडीनें या विद्येला निराळें वळण दिलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गाडी गेली आणि १८६५ सालीं थळ घांट चढून लोहमार्ग इगतपुरीस आला. आगगाडीचें चाक तक्रार करीत नाहीं. चाक आणि आंस एकसंध असतात आणि त्यांतली भेग अगदीं मुकाट्यानें वाढत जाते. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस असाच एकाएकीं तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि अनेक माणसें जळून मेलीं. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांचा शोध घेऊन सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हील हा त्यांतच सहकुटुंब गेला. धडधाकट दिसणारें लोखंड वारंवार पडणाऱ्या भारानें थकतें, हें पुढें जर्मनीत व्होलर या अभियंत्यानें रेल्वेच्या आंसांवर वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें. तोंपर्यंत आणि त्यानंतरहि पुष्कळ काळ रेल्वेचा भरंवसा एका साध्या माणसावर होता. मोठ्या स्थानकांत गाडी उभी राहिली कीं लांब दांड्याची हातोडी घेऊन तो एकेका चाकावर टोला देत जाई. चाक खणखणलें तर ठीक. बद्द वाजलें तर डबा बाजूला. मडकें घेतांना आपल्या घरांतल्या बायका तें वाजवून घेत, त्यांतलीच ही रीत. जें चाक स्वतः बोलत नाहीं त्याला बोलतें करावें लागतें.

आतां बेअरिंगकडे वळूं. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासण्याऐवजीं त्यांच्यामध्यें गोळ्या ठेवाव्या म्हणजे घासण्याचें लोळणें होतें, ही कल्पना जुनीच. वेल्समधील कार्मार्दनच्या फिलिप व्हॉन या लोहव्यावसायिकानें १७९४ सालीं घोडागाडीच्या आंसासाठीं गोळ्यांच्या बेअरिंगचा एकाधिकार घेतला होता. अडचण एकच: साऱ्या गोळ्या हुबेहूब सारख्या हव्यात. एखादी केसभर मोठी असली कीं सगळा भार तिच्यावर. श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिख फिशरनें १८८३ सालीं पोलादी गोळ्या एकसारख्या घोटणारें यंत्र बनविलें आणि ती अडचण दूर झाली. मधल्या काळांत सायकलीनें आपलें काम केलें होतें. १८६९ च्या नोव्हेंबरांत पॅरिस ते रुआँ ही सुमारें १२३ किलोमीटरांची शर्यत जेम्स मूरनें जिंकली, ती सुरिरेनें केलेल्या बेअरिंगांच्या सायकलीवर. सेंट लुई येथें घोडागाड्या बनविणाऱ्या टिमकेननें १८९८ मध्यें तिरप्या रोलरांचें बेअरिंग काढलें. वळणावर चाकाला जो आडवा रेटा बसतो तोहि त्यानें सोसला जाऊं लागला. १९०७ सालीं गोटेनबर्गच्या कापडगिरणीतल्या विंगक्विस्ट या अभियंत्यानें, खचणाऱ्या जमिनीमुळें गिरणीचे दांडे वांकडे होतात म्हणून, स्वतःला सांवरून घेणारें बेअरिंग शोधलें. पुढें या किरकोळ वस्तूची किंमत जगाला कशी कळली पाहा. १४ ऑक्टोबर १९४३ रोजीं अमेरिकन विमानांनीं श्वाइनफुर्टच्या बेअरिंग-कारखान्यांवर हल्ला केला, त्या एका दिवसांत त्यांचीं ६० बाँबफेकी विमानें पडलीं.

महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची बेअरिंगशीं ओळख करून दिली ती सायकलीनें, असें मला वाटतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवांत १८८८ सालीं सायकलींचें दुकान काढलें; किर्लोस्करवाडीचा सारा पसारा त्या दुकानाच्या पोटीं जन्मला. सायकल उलटी ठेवून चाकाला एक झटका दिला कीं तें कितीतरी वेळ फिरत राहतें, आणि तेंहि बिनतक्रार! ज्या पिढीचे कान बैलगाडीच्या करकरीवर वाढले होते तिला हें नवल वाटलें असलें पाहिजे. बेअरिंग मात्र पुष्कळ वर्षें परदेशांतून येत राहिलीं. चिंचवडला स्वीडिश कंपनीचा कारखाना निघाला तो १९६५ मध्यें. शेतकऱ्याकडेहि बेअरिंग गेलें. रबरी धावांच्या ज्या बैलगाडीला आपल्याकडे सरळ 'डनलॉप' म्हणतात, तिच्या आंसांत तीं असतात. तिला नळा नाहीं. तिच्यापुढें चालणाऱ्या बैलांच्या घुंगरांचाच काय तो आवाज.

असें हें चाक मुकें झालें. मोटारींत तर त्याच्यावर इंजिनाची घरघर, वाऱ्याचा झोत आणि गाणीं यांचें पांघरूण पडलें. म्हणून आजच्या मोटारवाल्याला चाकाचा आवाज ऐकूं येतो तेव्हां तो आधींच पुष्कळ वाढलेला असतो, आणि मोटारवाला गोंधळतो. नभोवाणीवरून मी आवाजाविषयीं नुसता बोलतों आहें, तो ऐकवीत मात्र नाहीं. तरी जाणता कारागीर कसा विचार करतो तें सांगून पाहतों.

पहिला प्रश्न, हा आवाज चाकाचा कीं इंजिनाचा? मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलावा. इंजिनाचे फेरे बदलले पण आवाज बदलला नाहीं, तर त्याचें मूळ इंजिनांत नाहीं. मग गाडीवानाचा प्रश्न: किती अंतरानें? मोटारीच्या चाकाचा घेर सुमारें दोन मीटर धरावा. ताशीं ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला ५ फेरे. वेग याच्या निम्मा केला तर सेकंदाला अडीच. या हिशेबानें, एका फेऱ्याला एकदां असा टक्‌टक्‌ आवाज येत असला तर बहुधा टायरच्या खांचेंत खडा रुतला आहे. खिळाहि असूं शकतो, उतरून पाहावें. परंतु टक्‌टक्‌ जड असेल, बोथट असेल आणि जोडीला गाडी थरथरत असेल, तर चाकाचे नट सैल झाल्याची शंका घ्यावी आणि गाडी त्याच जागीं उभी करावी. घरीं जाऊन पाहूं, हा विचार येथें जीवावर बेततो. घांटांत निखळलेलें चाक आपल्याच गाडीला नव्हे, समोरून येणाऱ्यालाहि मारतें.

घूं घूं असा सलग आवाज वेगाबरोबर चढत गेला तर प्रकरण नाजूक. तो टायरचा असेल किंवा बेअरिंगचा, आणि हे दोन ऐकायला सख्ख्या भावांसारखे असतात. टायर खालीवर झिजला कीं गुणगुणतो. पण टायरचा आवाज रस्त्याप्रमाणें बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाहीं. समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला झाला, तेव्हांपासून नाशिककरांच्या वाट्याला सिमेंटचा रस्ता सारखा येऊं लागला आहे. डांबरावरून सिमेंटवर गाडी गेली कीं टायर एकदम मोठ्यानें गाऊं लागतात. तेवढ्यावरून बेअरिंग गेलें असें समजून घाबरूं नये. पुन्हां डांबरावर आल्यावर काय ऐकूं येतें तें पाहावें. त्यानेंहि उलगडा झाला नाहीं तर पुढचे टायर मागें घालावे. आवाज टायरबरोबर मागें गेला तर चोर सांपडला.

चोर बेअरिंग असेल तर तो वळणावर पकडला जातो. डावीकडे वळतांना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हां आवाज वाढला तर बहुधा उजव्या बाजूचें बेअरिंग, उजवीकडे वळतांना वाढला तर डाव्या बाजूचें. रोग्याला कूस बदलायला लावून दुखरी बाजू शोधावी, तसाच हा प्रकार. बेअरिंगचा आवाज टक्‌टक्‌ न होतां घुमतो, याचेंहि कारण आहे. आंतल्या गोळ्या चाकाबरोबर सरकतात, पण चाकाच्या गतीनें नव्हे; चाकाचा एक फेरा होतो तोंवर गोळ्यांचा तांडा साधारण अर्ध्या वाटेवर असतो. ज्या कड्यावरून त्या लोळतात त्याच्या घोटीव पृष्ठावर टवका उडाला, कीं प्रत्येक गोळी त्यावरून जातांना आदळते. हे आदळे एका फेऱ्यांत अनेक वेळां, आणि फेऱ्यांच्या मापांत न बसणारे असे पडत जातात आणि कानाला त्यांची एक घूं घूं होते.

टवका कां उडतो? व्होलरच्या आंसाप्रमाणेंच येथेंहि पोलाद थकतें. स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनीं १९४७ सालीं या थकण्याचें गणित मांडलें. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचें आयुष्य निम्मे होत नाहीं, आठवा हिस्सा होतें. दहाबारा माणसें कोंबून गांवोगांव धांवणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांनीं हा हिशेब मनाशीं करून पाहावा. तक्रार करणारें चाक असलें तरी त्या दाटींत ती ऐकणार कोण?

जीपचें नांव आलें म्हणून एक मौजेची गोष्ट. पुढच्या चाकाला इंजिनाची ओढ पोहोंचवायची आणि तें चाक वळतेंहि ठेवायचें, तर मध्यें एक विशेष प्रकारचा सांधा लागतो. महायुद्धांतल्या जीपमध्यें तो होता. पण जीपच्या पुढच्या चाकांना ओढ देण्याची वेळ क्वचित् येई. अँबॅसडर काय किंवा कुर्ल्याची पद्मिनी काय, या गाड्यांना मागचीं चाकें ढकलीत. त्यांना हा सांधाच नव्हता. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० रस्त्यावर आली, तिचीं पुढचीं चाकें गाडीला ओढणारीं होतीं. तेव्हांपासून आपल्या गल्ल्यांतून एक नवा आवाज ऐकूं येऊं लागला: पूर्ण वळण घेतांना होणारी कट्‌कट्‌. सांध्यावरचा रबरी बुरखा फाटतो, वंगण बाहेर पडतें, धूळ आंत शिरते आणि गोळ्या खांचा खातात. म्हणजे दुखणें तेंच, नळ्याच्या काळचें. रस्त्यावरची धूळहि तीच!

निदानाची शेवटची पायरी हाताची. गाडी सपाट जागीं उभी करावी, दुसऱ्या चाकांना दगडाची ओंठी लावावी, जॅकनें चाक उचलावें आणि खालीं भक्कम आधार दिल्यावांचून कोणी आंत डोकें घालूं नये. चाक वर-खालीं दोन हातांनीं धरून हलवून पाहिलें तर सैलपणा कळतो. मग एका हातानें तें फिरवावें आणि दुसरा हात जवळच्या स्प्रिंगवर ठेवावा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून खरखर तळहाताला लागते. जुने कारागीर लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक लोखंडाला आणि मूठ कानाला लावीत. लेनेकची सुरळी ती हीच.

या कारागिरांच्या हातांतून एक काम मात्र गेलें. जुन्या मोटारींत चाकाचें बेअरिंग कसण्यासाठीं एक नट असे. चाक फिरवीत तो आवळीत जायचा, चाक जड झालें असें वाटतांच अंमळ मागें घ्यायचा आणि खीळ घालायची. किती मागें, तें हाताला कळे. फार आवळला तर बेअरिंग तापून जळे, सैल ठेवला तर चाक डुले. शागिर्दाला ही गोष्ट समजायला वर्ष-दोन वर्षें लागत. आजच्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंग कायमचें बंद करून येतें. त्यांत वंगण भरतां येत नाहीं, कसतां येत नाहीं. बिघडलें कीं सगळा जोड बदलायचा. तो जोड अधिक टिकतो, हें कबूल केलेंच पाहिजे. कारखान्यांत बेअरिंगची थरथर आतां यंत्रें मोजतात आणि माणसाच्या कानाला जें वर्षभरानंतर कळेल तें त्यांना आजच कळतें. परंतु रस्त्यावर धांवणाऱ्या गाडीचें चाक चारांपैकीं कोणतें आणि किती दिवसांचें सोबती, हें अजूनहि बहुतेक ठिकाणीं एखादा कारागीर शेजारीं बसून, कांचा खालीं करून, एक चक्कर मारून सांगतो. त्या चकरेचे पैसे तो बहुधा घेत नाहीं. पैसे सुट्या भागाचे आणि बसविण्याचे. ऐकण्याला दर नाहीं.

आतां विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांना इंजिनाची घरघर नाहीं आणि त्यामुळें सव्वाशें वर्षें झांकलेला चाकाचा आवाज पुन्हां उघडा पडला आहे. नवी गाडी घेतलेले लोक दुरुस्तीच्या दुकानांत येऊन विचारतात, हा घूं घूं आवाज कसला? पुष्कळदां तो टायरचा निघतो. जुन्या गाडींतहि तो होताच, ऐकूं येत नव्हता एवढेंच.

नाशिकहून मुंबईकडे जातांना कसाऱ्याच्या घांटांत रस्त्याच्या एका अंगाला उभा कडा येतो. तेथें चाकाचा आवाज कड्यावर आपटून गाडींत परत येतो आणि मोकळ्या माळावर जो लागत नाहीं तो तेथें स्पष्ट लागतो. कडा डावीकडे असेल तेव्हां शेजारीं बसलेल्यानें डावी कांच खालीं करून डाव्या चाकांचें ऐकावें. उजवीकडे आला कीं चालकानें उजव्यांचें.